गोदावरीचा हिशेब धर्माबादेत

दरवर्षी १ जुलैला धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे चौदाही दरवाजे वर उचलले जातात. केंद्रीय जल आयोगाचे प्रतिनिधी हजर असतात, महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाचे आणि तेलंगणाचे अभियंते असतात. पाण्याच्या पातळीची नोंद होते आणि अडवलेले पाणी पोचमपाडच्या श्रीरामसागर जलाशयाकडे निघून जाते. २८ ऑक्टोबरपर्यंत दरवाजे उघडे राहतात. नंतर जे काही अडेल त्यातूनही १ मार्चला ०.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी खालच्या राज्याला, तेव्हा आंध्र प्रदेशाला आणि आता तेलंगणाला, मोजून द्यायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २८ फेब्रुवारी २०१३ चा निकाल आहे.

या बंधाऱ्याची साठवण क्षमता अवघी २.७४ टीएमसी. जायकवाडीच्या शंभर टीएमसीपुढे हा आकडा किरकोळ वाटतो, पण याच पाण्यासाठी दोन राज्ये वर्षानुवर्षे भांडली. ६ ऑक्टोबर १९७५ च्या करारानुसार पैठण आणि सिद्धेश्वर धरणांच्या खाली, पोचमपाडपर्यंतच्या खोऱ्यात महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी पाणी वापरता येते. बाभळी त्यात बसते असे महाराष्ट्र म्हणत होता, आणि बंधारा आमच्या जलाशयाच्या फुगवट्यात आहे असे तेव्हाचा अखंड आंध्र प्रदेश. २०१० च्या जुलैत चंद्राबाबू नायडू आपले आमदार घेऊन बाभळीवर निघाले तेव्हा त्यांना अटक करून धर्माबादच्या आयटीआयमध्ये ठेवले होते. मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव त्या आठवड्यात देशभरच्या बातम्यांत होते.

इतका वाद झाला, निकाल लागला, देखरेख समिती आली. पण हा सगळा वाद पाणी किती याचा होता. पाणी कसे आहे, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. गोदावरी शुद्ध करण्यासाठी सरकारने गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत कायदे केले, मंडळे नेमली, केंद्राच्या योजना आल्या, कोट्यवधी रुपये खर्च झाले. त्या खर्चाचे काय झाले हे पाहायला लोक नाशिकच्या रामकुंडावर जातात, नांदेडच्या घाटांवर जातात. माझ्या मते ते पाहायची खरी जागा बाभळी आहे. नदी महाराष्ट्र सोडते ती इथे, आणि वरच्या सगळ्यांनी तिच्याशी जे केले त्याची बेरीज इथल्या पाण्यात असते.

कालव्याच्या शेवटी ज्याचे शेत असते त्या टेलच्या शेतकऱ्याची गत सगळ्यांना ठाऊक आहे. वरच्यांची भिजवण झाल्यावर उरले तर त्याला पाणी, आणि वरून वाहून आलेला कचरा मात्र हमखास. महाराष्ट्रातल्या गोदावरीच्या टेलला धर्माबाद आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गंगा (गोदाकाठी तिला सगळे गंगाच म्हणतात) नाशिक, कोपरगाव, पैठण, गंगाखेड, नांदेड अशी गावे ओलांडत इथे येते. वाटेत प्रवरा, सिंदफणा, पूर्णा, आसना तिला मिळतात. बाभळीच्या थोडे खाली, कंदकुर्तीच्या संगमावर लातूर-बीडकडचे पाणी घेऊन मांजरा येते आणि तिथून पुढे गोदावरी तेलंगणाची होते. एकूण १,४६५ किलोमीटरच्या प्रवासातला निम्म्याहून जास्त पल्ला तिला अजून गाठायचा असतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात होते, देशात सर्वाधिक. गोदावरीचा पट्टा नाशिकच्या सोमेश्वर मंदिरापासून नायगाव तालुक्यातल्या राहेरपर्यंत दाखवला होता, आणि तोही सर्वांत वाईट अशा पहिल्या वर्गात. सोमेश्वर ते राहेर म्हणजे महाराष्ट्रातली जवळजवळ सगळी गोदावरी. राहेर ओलांडले की पुढे बाभळीच. २०२२ च्या यादीत देशातले पट्टे ३११ पर्यंत घटले, महाराष्ट्राचे मात्र ५५ झाले.

पट्टा प्रदूषित कशावरून ठरतो? मुख्यतः एका आकड्यावरून, त्याला बीओडी म्हणतात. वर्तमानपत्रांत हा शब्द नेहमी येतो आणि वाचणारा तो ओलांडून पुढे जातो, म्हणून जरा थांबून सांगतो. प्रयोगशाळेत नदीच्या पाण्याने ३०० मिलिलिटरची काचेची बाटली काठोकाठ भरतात. आत हवेचा एक बुडबुडाही राहू नये म्हणून काचेचे बूच तिरके धरून अलगद बसवतात. एका बाटलीत दोन रसायने घालतात, तपकिरी साका तयार होतो. त्यात आम्ल घालून तो विरघळवतात, मग पिष्टाचे थेंब टाकतात. पाणी गडद निळे होते आणि काचनळीतून थेंब थेंब द्रावण सोडत गेले की एका थेंबाला तो निळा रंग एकदम नाहीसा होतो. किती द्रावण लागले यावरून पाण्यात विरघळलेला प्राणवायू कळतो. दुसरी तशीच बाटली २७ अंश सेल्सियसला अंधाऱ्या कपाटात तीन दिवस ठेवतात आणि मग तिच्यातलाही प्राणवायू मोजतात. मधल्या तीन दिवसांत जिवाणूंनी पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जेवढा प्राणवायू वापरला तो त्या पाण्याचा बीओडी. घाण जास्त तर जिवाणूंचे खाणे जास्त, आणि प्राणवायूचा खर्चही जास्त.

स्नानायोग्य पाण्यात हा आकडा लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. ३ च्या वर गेला की पट्टा प्रदूषित, ३० च्या वर गेला की पहिला वर्ग. शहराच्या कच्च्या मैलापाण्याचा बीओडी साधारण २०० ते २५० असतो. आता दुसरी बाजू पाहा. ३० अंश तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो, आणि माशांना त्यातला चार-पाच तरी हवाच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी जितके तापते तितका त्यातला प्राणवायू कमी होतो आणि जिवाणूंची भूक मात्र वाढते. रात्री शेवाळही प्राणवायूच घेते. म्हणून साचलेल्या डोहात मासे मरतात ते बहुधा मे महिन्यात, आणि पहाटे. सकाळी लोक घाटावर येतात तेव्हा ते पांढरे पोट वर करून तरंगताना दिसतात. कुणी विष टाकले अशी चर्चा सुरू होते. विष टाकलेले नसते, पाण्यातला श्वास संपलेला असतो.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाणी प्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० ला प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. केंद्राचा कायदा आला तो १९७४ मध्ये. गंगा कृती योजनेची सुरुवात राजीव गांधींनी १४ जून १९८६ ला वाराणसीत केली आणि १९९५ मध्ये त्याच धर्तीवर इतर नद्यांसाठी राष्ट्रीय नदी संवर्धन योजना आली. तिच्यात महाराष्ट्रातल्या गोदावरीवरची नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि नांदेड ही गावे होती. पुढे २००५ च्या अखेरीस जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले तेव्हा महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्या पंक्तीला नांदेड बसले. २००८ मध्ये शिखांच्या गुरुता गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा होता, देशविदेशातून भाविक येणार होते. त्या काळात रस्ते, पूल, घाट, भुयारी गटारे अशी कामे नांदेडमध्ये झाली आणि बोंढारला मैलापाणी शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. आता अमृत २.० आणि स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा सांडपाण्यासाठी पैसे देतात, आणि या दुसऱ्या टप्प्यात लाखाच्या आतल्या लोकसंख्येची गावेही येतात. धर्माबाद, उमरी, कुंडलवाडी, बिलोली अशा गावांसाठी ही महत्त्वाची गोष्ट आहे. आजवर नदीच्या योजनांत मुख्यतः मोठीच शहरे मोजली जात होती.

मागे घेतलेले पाऊलही सांगितले पाहिजे. नदीकाठच्या ठरावीक अंतरात कोणते कारखाने नकोत हे सांगणारे नदी नियमन क्षेत्र धोरण महाराष्ट्राने २००० मध्ये केले होते. २०१५ मध्ये ते रद्द झाले. उद्योगांना त्याचा जाच होत होता हे खरे, आणि त्या धोरणाची अंमलबजावणी सरधोपट होती हेही खरे. तरी ते सुधारायला हवे होते. संपूर्ण काढून टाकणे मला आजही चुकीचे वाटते.

न्यायालयांनी यानंतर जोर लावला. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ ला सांडपाणी शुद्धीकरणासाठी मुदती घालून दिल्या. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने एका वृत्तपत्रातल्या बातमीवरून स्वतःहून दखल घेतली, प्रत्येक राज्याला नदी पुनरुज्जीवन समिती नेमायला लावली आणि कृती आराखडे मागितले. आराखडा ठरल्यापासून सहा महिन्यांत पाणी निदान आंघोळीच्या लायकीचे करा, असा आदेश होता. जिथे काम नाही तिथे दरमहा, दर नाल्यामागे पाच लाख रुपये भरपाई, असा दंडही ठरला. सहा महिन्यांत नदी सुधारत नाही हे लवादालाही ठाऊक असणार, पण त्या आदेशामुळे प्रत्येक नाल्याची यादी झाली, हा त्याचा मोठा उपयोग. तोवर कोणत्या नाल्यातून किती मैलापाणी नदीत जाते याचा एकत्र हिशेब फार थोड्या ठिकाणी होता.

नांदेडचा साधा हिशेब कुणालाही मांडता येतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाख होती. माणशी १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण. म्हणजे रोज साधारण ७ कोटी ४० लाख लिटर. त्यातले ८० टक्के सांडपाणी होते असे मंडळ धरते, म्हणजे रोज सुमारे ६ कोटी लिटर. वर्षाचे काढले तर पाऊण टीएमसी भरते. ज्या ०.६ टीएमसीसाठी सर्वोच्च न्यायालयाला तारीख ठरवून द्यावी लागली, त्याहून हे जास्त आहे. बाभळीच्या संपूर्ण साठ्याच्या पाव हिश्शाहून जास्त आहे. आणि लोकसंख्या २०११ नंतर वाढलेलीच आहे. हे सगळे पाणी बाभळीपर्यंत येते असे नाही. वाटेत आमदुरा आणि बळेगावचे बंधारे आहेत, शेतकरी मोटारी लावून उपसा करतात. पण प्रमाणाची कल्पना यावी म्हणून हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवायला हवा.

शहर पाणी घेते ते विष्णुपुरीच्या जलाशयातून, म्हणजे शहराच्या वरच्या अंगाने. वापरून झालेले सोडते ते खाली. नाले उतरतात ते घाटांच्या आसपास. त्यामुळे नांदेडच्या माणसाच्या नळाला वरचे पाणी येते आणि धर्माबादकडच्या माणसाला नांदेडचे. यात नांदेडकरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. नांदेडकरही गंगाखेडच्या आणि परभणीच्या खालीच बसले आहेत. नदीकाठी प्रत्येक गाव कुणाच्या तरी खाली आणि कुणाच्या तरी वर असते.

‘नदी वाहती ठेवा, सगळे धुऊन जाईल’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हेही आकड्यांत पाहू. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी २०० धरला आणि नदीच्या स्वच्छ पाण्याचा १ धरला, तर मिश्रण ३ वर आणायला एक लिटर मैलापाण्यात जवळपास शंभर लिटर स्वच्छ पाणी मिसळावे लागते. नांदेडच्या रोजच्या सहा कोटी लिटरसाठी वर्षाला सुमारे ७५ टीएमसी लागेल. म्हणजे जायकवाडीचे पाऊण धरण दरवर्षी फक्त नांदेडचे सांडपाणी पातळ करायला सोडायचे. हे कधीच होणार नाही. तेच मैलापाणी नीट शुद्ध करून बीओडी १० वर आणले, तर लिटरला साडेतीन लिटर स्वच्छ पाणी पुरते. ३० वर आणले तर साडेतेरा. शुद्धीकरण केंद्र चालू असणे आणि नसणे यातला फरक एवढा आहे.

केंद्र चालते ते अगदी साध्या तत्त्वावर. आलेले पाणी आधी लोखंडी जाळ्यांतून जाते, तिथे प्लास्टिक, चिंध्या, केस अडकतात. मग वाळू खाली बसते. पुढच्या मोठ्या टाकीत तळातून हवा सोडतात आणि जिवाणूंचा तपकिरी गाळ ढवळत ठेवतात. नदीत जे जिवाणू नदीचा प्राणवायू वापरून करतात, तेच इथे ब्लोअरच्या हवेवर काही तासांत होते. चांगल्या चाललेल्या टाकीला ओल्या मातीसारखा वास येतो, सडकी घाण येत नाही. गाळ खाली बसला की वरचे नितळ पाणी निर्जंतुक करून सोडतात आणि गाळाचा काही भाग पुन्हा टाकीत घेतात, विरजणासारखा. उरलेला गाळ वाळवून हलवावा लागतो.

बिघडते ते तत्त्वात नाही, चालवण्यात. ब्लोअर विजेवर चालतात, आणि बिल महापालिकेने भरायचे. वीज बारा तास गेली की टाकीतले जिवाणू गुदमरतात आणि केंद्र पूर्ववत व्हायला दिवस लागतात. गाळ वेळेवर उचलला नाही की तो पाण्याबरोबर नदीतच जातो. पाऊस पडला की नाल्यांतून एवढे पाणी येते की ते केंद्राला वळसा घालून सरळ पात्रात सोडले जाते. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मैलापाणी केंद्रापर्यंत पोचणे. रस्त्याखालून भुयारी गटार गेले तरी घराघरातून जोडणी झालेली नसते, गल्लीतले पाणी नालीत, नाली नाल्यात, नाला नदीत. केंद्र तयार आणि पाणी बाहेरच, असे देशभर आहे. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ एमएलडी मैलापाणी तयार होते. एक एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर. शुद्ध करण्याची क्षमता उभारली ३१,८४१ एमएलडीची, प्रत्यक्षात शुद्ध होते २०,२३६. जी यंत्रणा बांधून तयार आहे, तिचाही तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग कामाला येत नाही. महाराष्ट्रात ९,१०७ एमएलडी मैलापाण्यासाठी ६,८९० ची क्षमता आहे, म्हणजे कागदावर आपण बरेच पुढे आहोत. पण क्षमतेने नदी स्वच्छ होत नाही.

याच जागी नमामि गंगे योजनेतला एक बदल घेण्यासारखा आहे. २०१४ मध्ये वीस हजार कोटींची तरतूद करून ती सुरू झाली. तिच्यातल्या बऱ्याच केंद्रांत कंत्राटदाराला बांधकामाच्या वेळी ४० टक्केच रक्कम देतात, उरलेली ६० टक्के पुढची पंधरा वर्षे केंद्र नीट चालवले तर हप्त्यांनी. पूर्वी बांधणारा पैसे घेऊन निघून जायचा आणि चालवायची पाळी नगरपालिकेवर यायची. गंगेचे पाणी किती सुधारले यावर वाद घालता येईल, पण पैशाची ही पद्धत गोदावरीवरच्या प्रत्येक नव्या केंद्राला लावावी.

आमच्याकडच्या गोदावरीची आणखी एक अडचण आहे, ती गंगेला इतकी नाही. पैठणच्या खाली नदी वाहतच नाही म्हटले तरी चालेल. आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुद्गल, दिग्रस, विष्णुपुरी, आमदुरा, बळेगाव, बाभळी असे एकापुढे एक बंधारे आहेत. त्यांनी गोदाकाठची शेती तारली, गावांच्या पाणीयोजना चालवल्या. शंकरराव चव्हाणांनी जायकवाडी आणि विष्णुपुरीसाठी जे केले ते मराठवाडा विसरू शकत नाही, आणि विसरूही नये. पण पाणी अडले की नदीचे तळे होते. वाहत्या पाण्यात खळाळातून हवा मिसळते, तळ्यात मिसळत नाही. नाशिकची घाण धर्माबादला येते का, असे लोक विचारतात. तशीच्या तशी येत नाही. जायकवाडीच्या नाथसागरात पाणी महिनोन्‌महिने थांबते, गाळ बसतो, जिवाणू आपले काम करतात. आमच्याकडे येते ती मुख्यतः नांदेड, परभणी, हिंगोली भागातली. पण नायट्रोजन आणि फॉस्फरस जिवाणूंनी खाऊन सहज संपत नाहीत. शेतातले खत आणि साबणाचे पाणी यांच्या जोडीने ते साचलेल्या पाण्यात जलपर्णीला खत पुरवतात. मग दर उन्हाळ्यात पात्रावर हिरवा गालिचा पसरतो, यंत्रे लावून तो काढायचे टेंडर निघते आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा पसरतो. जलपर्णी काढणे हे नदीच्या सफाईचे काम म्हणून मोजले जाते. ते मैलापाणी अडवण्याच्या जागी येऊ शकत नाही.

साखर कारखाने आणि मद्यार्क प्रकल्प यांचाही उल्लेख केला पाहिजे, कारण या पट्ट्यात ते आहेत. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना दहा ते पंधरा लिटर काळपट सांडपाणी निघते आणि त्याचा बीओडी चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असतो. शहरी मैलापाण्याच्या दोनशे पट. म्हणून २००३ मध्ये देशभरच्या मद्यार्क कारखान्यांना २००५ च्या अखेरपर्यंत एक थेंबही बाहेर न सोडण्याचे बंधन घातले गेले. हे पाणी आटवून, जाळून किंवा कंपोस्टात मुरवून संपवायचे. असा नियम पाळणे शक्य आहे आणि पाळला तर नदीला त्याचा त्रास होत नाही. मात्र तो पाळला जातो का हे पाहायला मंडळाचा माणूस रात्री आणि पावसाळ्यात यायला हवा, दिवसा आणि उन्हाळ्यात नव्हे.

नाशिकच्या गोदावरीसाठी २०१२ पासून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली, गोदावरी गटारीकरण विरोधी मंचाच्या लोकांनी ती नेटाने लढवली, आणि २०१५ च्या सिंहस्थाआधी बरीच कामे झाली. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी पुन्हा मोठा निधी येत आहे. नाशिकला तो मिळावाच. पण कुंभाचा निधी रामकुंडाच्या आसपास खर्च होतो आणि नदीकडे लक्षही शाहीस्नानाच्या दिवशीच जाते. खालच्या सगळ्या नदीला सिंहस्थ नसतो.

युरोपातल्या ऱ्हाइन नदीचे उदाहरण मला इथे फार जवळचे वाटते. स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी ओलांडून ती शेवटी नेदरलँड्समध्ये येते. वरच्यांची सगळी घाण डचांच्या पदरात पडायची, रॉटरडॅमच्या बंदरातला विषारी गाळ त्यांनाच उपसावा लागायचा. म्हणून नदीच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय आयोग हवा असा आग्रह धरला तो डचांनी, आणि १९५० मध्ये तो स्थापन झाला. बरीच वर्षे नुसत्या बैठकाच चालल्या. १ नोव्हेंबर १९८६ ला बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, कीडनाशके विझवण्याच्या पाण्याबरोबर नदीत गेली आणि शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. त्यानंतर वर्षभरात देशांनी कृती कार्यक्रम ठरवला, २००० पर्यंत सॅमन मासा ऱ्हाइनमध्ये परत आणण्याचा. मासा परत आला. या कामात एक गोष्ट निर्णायक ठरली. नदी जिथे जर्मनीतून नेदरलँड्समध्ये येते त्या लोबिथला पाणी सतत तपासले जाते, आणि त्या आकड्यांवर वरच्या देशांना जाब द्यावा लागतो. नदीचा दाखला टेलला मिळतो.

लोबिथसारखी जागा आपल्याकडे तयार आहे, ती बाभळी. तिथे दोन राज्यांचे अधिकारी ठरलेल्या तारखांना एकत्र येतात, केंद्राचा प्रतिनिधी असतो, नोंदवही असते. पातळीच्या नोंदीशेजारी बीओडी, विरघळलेला प्राणवायू आणि विष्ठाजन्य जिवाणूंची संख्या असे तीन रकाने वाढवायला कायदा बदलावा लागत नाही. तेलंगणाचा तर यात थेट स्वार्थ आहे. हेच पाणी पुढे बासरच्या घाटावर जाते, जिथे सरस्वतीच्या दर्शनाला येणारे भाविक आंघोळ करतात, आणि मग श्रीरामसागरात, जिथून पिण्याच्या योजना चालतात. ज्या पाण्याच्या एकेका टीएमसीसाठी वकील उभे केले गेले, त्याच्या प्रतीसाठीही आता तेलंगणाने आवाज उठवावा. तो आवाज उठला तर त्याचा फायदा तेलंगणाआधी धर्माबादला होईल.

पण १ जुलैच्या नमुन्यावर विसंबू नये. तोवर मृगाचे पाणी येऊन गेलेले असते, पुराने घाण पातळ झालेली असते आणि आकडा बरा दिसतो. नमुना घ्यावा तो मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पहाटे, दरवाजांच्या अलीकडे साचलेल्या पाण्यातून. विष्णुपुरी आणि राहेर इथले मंडळाचे आकडे दरमहा संकेतस्थळावर येतात आणि ते कुणालाही पाहता येतात. राहेरमधून विष्णुपुरी वजा केले की मधल्या शहराने नदीत किती भर घातली ते कळते. तिसरा आकडा बाभळीचा असावा, आणि हे तिन्ही आकडे धर्माबादच्या नगरपालिकेच्या फलकावर मिरचीच्या भावाशेजारी रोज नाही तरी दरमहा लिहिले जावेत. मिरचीचा भाव पन्नास रुपयांनी पडला तरी इथले लोक जाब विचारतात. हा आकडा वाचायची सवय झाली, तर त्याचाही विचारतील.